ज्याची गाडी बंद, त्याचा चहा

बाजारात ओल्या तुरीच्या शेंगा आल्या की मला पेट्रोलचा वास येतो. हे कोणाला सांगितलं तर लोक जरा काळजीने बघतात, म्हणून सांगत नाही. पण समुद्रपूरच्या बाजारात त्या हिरव्या शेंगांचा ढीग दिसला की माझ्या नाकात आधी पेट्रोल येतं, मग उन्हात तापलेलं रेक्झिन, आणि सगळ्यात शेवटी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा. संक्रांत सरली की येणाऱ्या शनिवारी-रविवारी आमची जुन्या गाड्यांची सहल निघायची आणि उकडलेल्या शेंगांचं पातेलं माझ्या मांडीवर असायचं. झाकण फडक्याने बांधलेलं असलं तरी त्यातलं पाणी साडीवर सांडायचंच. यंदाही शेंगा आल्या. मी पिशवी घेऊन त्या ढिगासमोर बराच वेळ उभी राहिले आणि शेवटी मेथी घेऊन घरी आले.

सहल म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. हिंगणघाटचे भास्करभाऊ, त्यांचं सुट्या भागांचं दुकान आणि त्यांची जुनी जीप, हे त्याचं मूळ. त्यांच्या ओळखीने वर्ध्याची, आर्वीची, आष्टीची अशी गाडीवेडी माणसं एकेक करून जमत गेली. शनिवारी सकाळी जामच्या चौकात भेटायचं, मोठा रस्ता सोडून आडरस्त्यांनी आर्वीच्या बाजूला निघायचं, रात्री कोणाच्या तरी शेतात मुक्काम करायचा आणि रविवारी आष्टीला जेवून पांगायचं. याला रॅली म्हणायचं नाही, असा भास्करभाऊंचा दंडक होता. "रॅलीत कोनी पैला येते, कोनी मागं राह्यते. आपल्यात पोचला तो पैला," असं ते म्हणायचे. पोचणं हीच मुळात मोठी गोष्ट होती, हे आमच्या गाड्यांकडे बघून कोणालाही कळलं असतं.

जामच्या चौकातली ती सकाळ मला फार आवडायची. थंडीने बोटं आखडलेली, टपऱ्यांवर पोह्यांवर तर्री पडत असलेली, नागपूरकडून येणारे ट्रक हॉर्न वाजवत वेग कमी करायचे. आमच्या रांगेभोवती माणसं जमायची आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, "चालते का हो हे?" पुरुष मंडळी बॉनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात माना घालायची. आम्ही बायका डबे उघडायचो. नवऱ्यांचं इंजिन आणि आमचे डबे यांची चर्चा साधारण एकाच वेळी संपायची, आणि मगच रांग हलायची.

या सहलीचा एकच नियम होता. ज्याची गाडी वाटेत बंद पडेल, त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. बंद पडलेल्या गाडीला मागे टाकून पुढे जायचं नाही. सगळ्यांनी थांबायचं, सतरंज्या काढायच्या, आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडीवाल्याच्या घरच्या स्टोव्हवरचा चहा प्यायचा. हा दंड कसला, उलट मानच तो. कारण गाडी बंद पडली की माणूस ओशाळतो, घाबरतो, बायकोवर खेकसतो. चहा करायला लागला की त्याचे हात कामाला लागतात आणि तो पुन्हा यजमान होतो. त्यामुळे डिकीत जॅक नसला तरी चालेल, पण स्टोव्ह, साखर आणि चहापत्ती असायलाच हवी, असं आम्ही नव्या माणसाला बजावून सांगायचो.

आमची गाडी हमखास बंद पडायची. पांढरी ॲम्बॅसेडर, सरकारी लिलावातून घेतलेली. सुधाकरने ती घेतली तेव्हाच तिचा जीव अर्धा झाला होता. (लिहिताना मी नवऱ्याचं नाव सरळ घेते आहे. घरात सगळा संसार 'अहो'वरच भागला.) तिला चढ सोसायचा नाही, ऊन सोसायचं नाही, कापसाच्या गाड्यांमागे फार वेळ हळूहळू जाणंही सोसायचं नाही. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, आणि त्या बाभळींखाली आमची गाडी हुंदका दिल्यासारखी थांबायची. सुधाकर शांतपणे उतरायचा, बाह्या सरसावायचा आणि आधी स्टोव्ह पेटवायचा. बॉनेट नंतर.

आष्टीची सुमन ही माझी सहलीतली मैत्रीण. सहलीपुरती म्हणता म्हणता वर्षभराची झाली. तिचा नवरा वसंतराव, शाळेतून निवृत्त झालेला, अतिशय नीटनेटका माणूस. त्यांची फियाट कधीच बंद पडत नसे, आणि याचंच त्यांना वाईट वाटे. सुमन सुधाकरला चिडवायची, "भाऊ, यंदा कोन्त्या बाभळीखाली बंद पाडता ते आधीच सांगा. तिथवर झोपून घेऊ." एका वर्षी वसंतरावांना राहवलंच नाही. सपाट, कोऱ्या रस्त्यावर त्यांनी फियाट बाजूला घेतली, किल्ली काढून खिशात टाकली आणि खिडकीतून हात हलवत सांगायला लागले, "बंद पडली, बंद पडली, थांबा सारे." त्यांनी केलेला चहा इतका गोड होता की पिववेना. पण त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी नंतर कोणाच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नाही.

शनिवारची संध्याकाळ शेतात. पळसाच्या पानांत गुंडाळलेले कणकेचे पानगे गोवऱ्यांच्या आरावर पडायचे, वांग्याची भाजी पातेल्यात खदखदायची, आणि पुरुष दिवसभरात ज्या गाड्या ढकलल्या त्यांच्या गोष्टी सांगायचे. गोष्टीत चढ दरवर्षी वाढत असे. आम्ही बायका पायांवर शाली घेऊन बसायचो. मुलांची लग्नं, सुनांचे स्वभाव, गुडघे, सगळं तिथे बोललं गेलं. घरी कोणाशी बोलता न येणाऱ्या कितीतरी गोष्टी मी त्या आराच्या उजेडात बोलले आहे. माणसं वर्षातून दोनच दिवस भेटत असली की मन लवकर मोकळं होतं.

सुधाकरला ती गाडी का हवी होती, हे भास्करभाऊंनाही नीट ठाऊक नव्हतं. माझे सासरे आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरात राबले. साहेबाची पांढरी गाडी गावात आली की धूळ खाली बसेपर्यंत कडेला उभं राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. मुलगा तहसील कचेरीत लागला, त्याच खात्यातली म्हातारी गाडी त्याने लिलावात घेतली आणि दारात आणून उभी केली. सासऱ्यांनी तिच्याभोवती चक्कर मारली, हात मात्र लावला नाही. मग म्हणाले, "मांगच्या सीटवर बसतो. विहारापावतर नेऊन आन." सुधाकरने नेलं. मागच्या सीटवर ते ताठ बसले होते, काच खाली करून, आणि वाटेत दिसेल त्याला जयभीम घालत होते. परत आल्यावर उतरले आणि पुन्हा कधी त्या गाडीत बसले नाहीत. एकदा पुरे होतं त्यांना.

आणि पुढची सीट आमची. जुन्या ॲम्बॅसेडरला पुढे सलग बाक असतो, दोघांत मिळून एक. सुधाकर अंगाने भरलेला माणूस. वर्षानुवर्षं बसून त्याच्या बाजूच्या स्प्रिंगा दबल्या होत्या आणि अख्खा बाक उजवीकडे उतरता झाला होता. त्यामुळे मी डावीकडे दाराशी बसले तरी गाडी चालू लागली की हळूहळू त्याच्याकडे घसरायची. नव्याने बसत होते तेव्हा दाराचं हँडल घट्ट धरून ठेवायची. सासरे-दीर बघतील, लोक काय म्हणतील. मग वय वाढलं, लोक कमी झाले, मीही हँडल सोडून दिलं. आम्ही दोघं काही हातात हात घालून फिरणारी माणसं नव्हतो. आमच्या घरात प्रेम बोलून दाखवायची पद्धत नव्हती. पण जामपासून आर्वीपर्यंत माझा खांदा त्याच्या खांद्याला टेकलेला असायचा, आणि त्याचा दोष बिचाऱ्या स्प्रिंगांवर टाकता यायचा.

दोन पावसाळ्यांमागे सुधाकर गेला. सकाळी दाढी करताना खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. घरातल्या वस्तू फार लवकर बदलतात, हे मला तेव्हा कळलं. कपडे वाटून झाले, औषधं फेकून झाली, अंथरूण धुऊन झालं, आणि पंधरवड्यात त्याच्या उशीलाही साबणाचा वास यायला लागला. राहिली ती गाडी. टिनाच्या शेडमध्ये उभी होती, तिला कोणी धुतलं नव्हतं. जेवणं उरकली, मुलगी-जावई परत गेले की दुपारी मी जाऊन आपल्या जागी बसायची. दार लावून घ्यायची. आत तेल, घाम, चहापत्ती, त्याचं सगळं जसंच्या तसं. गाडी जागची हलत नव्हती, पण बाक उतरताच होता. मी हळूच उजवीकडे सरकायची आणि त्या खोलगट जागेवर हात ठेवून बसायची. एवढंच होतं माझ्याकडे त्याचं. फोटोत माणसाचा चेहरा राहतो, त्याचं वजन राहत नाही. ते इथे राहिलं होतं.

मागच्या थंडीच्या आधी भास्करभाऊ आले. म्हणाले, "वहिनी, किल्ली द्या. उभी राहून राहून सडून जाईन गाडी. जरा पाहून देतो, आन् सहलीले तुमी येजा. सुधाकर नाई म्हनून गाडी घरी नाई ठेवाची." मला वाटलं, तेलपाणी करतील, टायर बघतील. दिली किल्ली.

सहलीच्या सकाळी मला कोणीतरी घरून जामला नेलं. चौकात नेहमीची मंडळी उभी होती, पण सगळी एका बाजूला, लग्नात नवरीची वाट बघतात तशी. मधे कापडाने झाकलेली गाडी. भास्करभाऊंनी माझ्या हातात कापडाचं टोक दिलं आणि म्हणाले, "ओढा वहिनी."

मी ओढलं. खाली माझी गाडी नव्हतीच. दुधासारखा पांढरा रंग, चकचकीत बंपर, एक ओरखडा नाही. दार उघडलं तर नव्या रेक्झिनचा वास अंगावर आला. डॅशबोर्डवर सुधाकरचा फोटो, त्याला झेंडूचा छोटा हार. आणि पुढचा बाक नवा, मऊ, साईच्या रंगाचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट.

सगळे टाळ्या वाजवत होते. सुमन रडत होती, ती आनंदाने. ही माणसं गेले तीन महिने गुपचूप खपली होती. कोणी बंपर शोधून आणला, कोणी रंग दिला, कोणी दारांची रबरं. मेलेल्या दोस्तासाठी माणूस याहून जास्त काय करू शकतो? दुसरी कोणी माणसं असती तर मला साडी दिली असती, नाहीतर सांत्वनाचे चार शब्द. या लोकांना प्रेम करायची एकच रीत माहीत होती: जुनं झालेलं पुन्हा नवं करायचं. मी हात जोडले. म्हणाले, "खूप छान केली. ते असते तर खूश झाले असते." त्यातला दुसरा भाग खोटा नव्हता.

भास्करभाऊ गाडी चालवायला बसले, मी शेजारी. जामपासून आर्वीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, इंजिनचा आवाज ऐकताहेत, अभिमानाने. मी दाराशी ताठ बसून होते. वळणं आली, खड्डे आले, पण माझी जागा हलली नाही. आमच्या मधे दोन माणसं बसतील एवढी सपाट जागा होती. गाडी त्या दोन दिवसांत कुठेच बंद पडली नाही. आमच्या बाभळी आल्या आणि मागे गेल्या. डिकीत मी सवयीने ठेवलेला स्टोव्ह होता, दूध होतं, साखर होती, आणि कोणाला थांबायचं काही कारणच नव्हतं. संध्याकाळी आरापाशी सुमन म्हणाली, "तू काई बोलून नाई राह्यली वं." मी म्हटलं, घसा बसलाय. घरी आल्यावर गाडी शेडमध्ये लावली, आणि त्यानंतर दुपारी आत जाऊन बसणं मी सोडून दिलं. नवरा एकदा गेला त्याचं दुःख झालंच होतं. दुसऱ्यांदा गेला ते कोणाला सांगायचं? ज्यांना सांगायचं, त्यांनीच तर प्रेमाने नेला होता.

यंदा दिवाळीनंतर वसंतराव गेले. आणि शेंगा बाजारात आल्या त्याच आठवड्यात भास्करभाऊंचा फोन आला. "वहिनी, वसंतभाऊच्या फियाटचं बी तुमच्या गाडीसारखंच करू. यंदा सहल पुढं ढकलू, अन् सुमनवहिनीले एकदम सहलीतच दाखवू. तुमाले किती आनंद झालता, सारेच सांगतात. तुमी सोबत चाला, तुमी म्हटलं का त्या किल्ली देतीन."

फोन ठेवला आणि मी ओट्याशी उभी राहिले. बोलावं, तर या माणसाने मित्रासाठी केलेली शेवटची गोष्ट त्याच्या हातून हिसकावून घ्यायची. गप्प बसावं, तर सुमनचं जे काही त्या फियाटमध्ये असेल ते माझ्या साक्षीने पुसलं जायचं. काय असेल ते मला ठाऊक नव्हतं. पण असणार, हे नक्की.

बुधवारी त्यांच्या जीपमधून आष्टीला निघालो. वर्धा गेलं, आर्वीचा रस्ता लागला. मी विंडस्क्रीनकडे बघत म्हटलं, "भाऊ, सुमनच्या गाडीची सीट बदलू नका."

"काऊन?"

मग मी सांगितलं. उतारावरून घसरण्याचं, खांद्याचं, दुपारी आत जाऊन बसण्याचं. या वयात, नवऱ्याच्या मित्राला. सांगताना माझा आवाज कोरडा होता, कारण ओला होऊ दिला असता तर वाक्य पूर्ण झालं नसतं.

भास्करभाऊंनी जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

"मले माहीत होतं, वहिनी."

"काय माहीत होतं?"

"तो खड्डा. तुमच्या घरून गाडी नेली ना, तवा मीच चालवत नेत होतो. बसलो तं मानूस असा धरून ठेवते तसं झालं. सुधाकरच्या मापात बसलतो मी. जामपावतर बी नाई नेववली मले. रस्त्यात उतरलो, अन् टेम्पोवर टाकून नेली. दुकानात गेल्या गेल्या आधी सीट काढून टाकली. रंग, बंपर, ते सारं मंग केलं, सीट काऊन बदलली म्हनून कोनी विचारू नये यासाठी." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मले तिथं बसवत नव्हतं, वहिनी. तुमाले तिथंच बसाचं असन, हे ध्यानातच नाई आलं."

मला त्यांचा राग आला. अगदी खरा, उकळता राग आला, वर्षभर साठलेला. आणि तो ठेवायला जागा सापडेना, कारण समोरचा माणूस लहान मुलासारखा रडत होता. आम्ही दोघं एकाच खोलगट जागेसाठी रडत होतो. तिच्यापासून त्यांना पळायचं होतं आणि मला तिच्यात राहायचं होतं, एवढाच फरक.

सुमन ओसरीत किल्ली हातात घेऊनच उभी होती. "घ्या भाऊ," ती म्हणाली. "या ताईची केली तशीच करून द्या."

भास्करभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "काई नाई करत मी, वहिनी," ते तिला म्हणाले. "निस्ती चालू करून पाहतो. लई दिवस झाले तिले." सुमनला काही समजलं नाही. ती चहा टाकायला आत गेली. जाण्याआधी म्हणाली की ते गेल्यापासून गाडीला कोणी हात लावलेला नाही.

फियाट अंगणात चिंचेखाली होती, धुळीने राखाडी झालेली. भास्करभाऊंनी जीप जवळ आणली, तिच्या बॅटरीवरून वायरी जोडल्या, तेल बघितलं, पाणी बघितलं. मग किल्ली घेऊन ड्रायव्हरच्या दारापाशी गेले. हँडलवर हात ठेवला आणि काढला. आत सीटवर वसंतरावांचा घडी घातलेला मफलर होता, पाठीमागे टेकायला ठेवतात तसा. भास्करभाऊंनी दार उघडलंच नाही. अर्ध्या उघड्या काचेतून हात आत घातला, गिअर न्यूट्रलला आहे ते चाचपून पाहिलं, आणि बाहेर उभ्या उभ्याच किल्ली फिरवली.

दोनदा नुसतीच घरघर झाली. तिसऱ्यांदा फियाट चालू झाली, तिच्या नेहमीच्या बारीक, नीटनेटक्या आवाजात.

सुमन आतून धावत आली. पदराला हात पुसत, जवळजवळ हसत, दोन पायऱ्या एकदम उतरून. अंगणात आली, ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. भास्करभाऊ खिडकीतून हात आत घातलेलाच ठेवून उभे होते, आणि त्यांना वाटलं आपलं काही चुकलं. त्यांनी किल्लीकडे बोटं नेली.

"बंद नका करू, भाऊ," सुमन म्हणाली. "राहू द्या जराशी चालू."